पंचवीस लाख कोटी पट हलका हिग्ज

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्याजवळच्या सर्न प्रयोगशाळेनं हिग्जसारखा नवा कण सापडल्याचं जाहीर केलं. त्यासाठी २७ किलोमीटर घेराचं यंत्र जमिनीखाली उभारावं लागलं होतं. या कणाचं वस्तुमान ऊर्जेच्या हिशेबात मोजलं, तर १२५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरतं.

या कणामागे जे गणित आहे, त्याच गणितातलं त्याचं एक चिमुकलं भावंड आहे. निओबियम नायट्राइडचा पातळ थर उणे २५८ अंश सेल्सिअसच्या आसपास अतिसंवाहक होतो, म्हणजे वीज अडथळ्याविना वाहू देतो. त्यातले इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात आणि सगळ्या जोड्या मिळून एकच अवस्था घडवतात. ही अवस्था क्षणात भक्कम, क्षणात क्षीण अशी स्पंदू लागली, की ते हिग्ज कंपन. कणासारखंच वागणारं, पण असंख्य जोड्यांनी मिळून केलेलं. त्याची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा जेमतेम दोनशेवा हिस्सा, म्हणजे सर्नच्या हिग्जच्या २५ लाख कोटी पट कमी!

इतकी नाजूक गोष्ट पाहायची कशी? हिरव्या प्रकाशाच्या एका कणातच या कंपनाच्या साडेचारशे पट ऊर्जा असते. तो शोषला गेला की जोड्याच फुटतात. शिवाय हिग्ज कंपनाला विद्युतभार नाही, त्यामुळे साध्या प्रकाशाला ते दाद देत नाही.

टोकियो विद्यापीठात मात्सुनागा, शिमानो आणि सहकाऱ्यांनी यावर काढलेली वाट मला फार सुंदर वाटते. त्यांनी सेकंदाला ६० हजार कोटी वेळा हेलकावणारा टेराहर्ट्झ प्रकाश वापरला. विद्युतक्षेत्र डावीकडे झुको की उजवीकडे, जोड्यांवरचा परिणाम सारखाच. म्हणून प्रकाशाच्या एका फेरीत कंपनाला दोन धक्के बसतात. म्हणजे सेकंदाला १ लाख २० हजार कोटी धक्के. तापमान बदलत कंपनाची स्वतःची गती या आकड्याशी जुळवली, तेव्हा थरातून मूळच्या तिप्पट वारंवारतेचा प्रकाश जोरात बाहेर पडला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अर्धा मिलिमीटर लांबीची लाट वापरली होती. एका जोडीचा विस्तार तिच्या सुमारे एक लाखाव्या भागाइतका.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८० मध्ये इलिनॉय विद्यापीठात सूर्यकुमार आणि क्लाइन यांना निओबियम डायसेलेनाइडवर लेझर टाकल्यावर परतणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटात एक अनपेक्षित शिखर दिसलं होतं. पुढच्याच वर्षी लिटलवुड आणि चंद्रा वर्मा यांनी त्याचा अर्थ लावला: अतिसंवाहक अवस्थेचंच हे स्पंदन. सर्नच्या घोषणेच्या तब्बल ३२ वर्षं आधी अतिसंवाहकातला हिग्ज प्रकाशात दिसून गेला होता, आणि हे आजही फार थोड्यांना ठाऊक आहे.

२०१५ मध्ये अणुरचना विस्कळीत असलेल्या अतिसंवाहकांत हिग्ज कंपनाच्या खुणा टेराहर्ट्झ प्रकाशानं शोधणारा आंतरराष्ट्रीय शोधनिबंध आला. त्याच्या लेखकांमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रताप रायचौधुरी आणि त्यांचे सहकारीही आहेत.