तुरीची मर

इंग्रजीत या रोगाला 'विल्ट' म्हणजे कोमेजणे म्हणतात. आपल्या शेतकऱ्याने त्याला 'मर' हे नाव दिले. मला ते अधिक अचूक वाटते, कारण कोमेजलेले झाड पाण्याने उठते. मर लागलेली तूर उठत नाही. जमिनीत ओल असताना ती तहानेने मरते.

याचे कारण 'फ्युजेरियम उडम' ही बुरशी. बिहारमधील पुसा येथे काम करणाऱ्या ई. जे. बटलर यांनी १९१० मध्ये तिचे वर्णन केले. ती कोवळ्या मुळांतून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिकांत वाढते. नलिका तुंबतात. खोडावर बुडापासून जांभळा पट्टा चढतो. साल सोलली की आत काळपट रेषा दिसतात. लागण लवकर झालेली असली, तरी झाड बहुधा फुलाशेंगांच्या वेळी वाळते. तोवर निंदणी-फवारणीचा खर्च होऊन गेलेला असतो.

पीक निघाले तरी बुरशी निघत नाही. धसकटांत आणि मुळांच्या अवशेषांत ती सुमारे तीन वर्षे तग धरते. त्याच रानात पुन्हा तूर आली की तिचे फावते.

ज्वारीत तुरीचे तास टाकण्याची आपली जुनी रीत इथे महत्त्वाची ठरते. ज्वारीसोबत किंवा ज्वारीनंतर घेतलेल्या तुरीत मर कमी राहते, असे हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट'च्या प्रयोगांत दिसले. पूर्वजांनी ही रीत बुरशीसाठी पाडली, असा माझा दावा नाही. त्यांना भाकरी, कडबा, वरण आणि तुराट्या हव्या होत्या. संरक्षण त्यासोबत आले. मराठवाडा-विदर्भात खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, तेव्हा ज्वारीबरोबर हे संरक्षणही गेले. त्याची नोंद कुणाच्या हिशेबात झाली नाही.

१९८६ मध्ये कर्नाटकात प्रसारित झालेला 'मारुती' हा मर-प्रतिकारक वाण महाराष्ट्रातल्याच एका देशी तुरीतून निवडलेला होता. म्हणजे औषध आपल्याच कणगीत होते. पण बुरशीचेही अनेक प्रकार आहेत. एकट्या बियाण्यावर सगळा भार टाकता येत नाही. धसकटे वेचणे, बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळणे आणि पिकाची फेरपालट हे सारे सोबत लागते.

दोन एकरवाल्याने तीन वर्षे तूर टाळायची, तर त्या काळात त्याने काय पिकवावे आणि ते कोणत्या भावाने विकावे? मरीवरचा खरा उपाय या प्रश्नापाशी अडला आहे. तो बुरशीशास्त्राच्या पुस्तकात सुटणारा नाही.