तेरा नावं, दोन एमबी आणि साठ परार्ध

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबला एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात वीस जुने संगणक, एक प्रिंटर आणि एक राउटर आहे असं धरून चालू. प्रत्येक यंत्राला १९२.१६८.१.७ असल्या धाटणीचा पत्ता. मुलांना हे आकडे लक्षात राहत नाहीत, सरांनाही राहत नाहीत. म्हणून सर त्यातला सगळ्यात जुना संगणक बाजूला काढतात, त्यावर लिनक्स घालतात, ‘बाइंड’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बसवतात आणि एका साध्या मजकुराच्या फायलीत वीस-पंचवीस ओळी लिहितात: अमुक नाव, तमुक आकडा. झाला डोमेन नेम सर्व्हर तयार. शाळेपुरत्या नावाला शेपूट कोणतं लावायचं हाही प्रश्न उरलेला नाही, कारण खासगी जाळ्यांसाठी ‘.इंटर्नल’ हे शेपूट आयकॅन संस्थेनं २०२४ मध्ये राखून ठेवलं आहे.

काम तासाभराचं, पण पहिल्यांदा करणाऱ्याची अख्खी दुपार खाणारी एक गोष्ट त्यात आहे. ती म्हणजे ठिपका. फायलीत पूर्ण नाव लिहिलं की शेवटी ठिपका द्यायचा असतो. तो राहिला, तर सर्व्हर नाव अर्धवट आहे असं समजून त्याला पुन्हा शेपूट जोडतो आणि प्रिंटरचं नाव ‘प्रिंटर.शाळा.इंटर्नल.शाळा.इंटर्नल’ होऊन बसतं. छपाई ठप्प. फाइल दहा वेळा वाचली तरी चूक डोळ्यांना दिसत नाही.

हा ठिपका म्हणजे जगातल्या सगळ्या नावांचं मूळ. ‘.कॉम’, ‘.इन’, ‘.भारत’ ही सगळी त्याच्याखाली. आणि आकड्यांची गंमत इथूनच सुरू होते, कारण या मुळाशी काहीतरी अवाढव्य असेल असं वाटतं आणि निघतं भलतंच किरकोळ.

जगात आज नोंदलेली डोमेन नावं ३५ कोटींच्या वर आहेत. मूळ सर्व्हरांना त्यातलं एकही ठाऊक नसतं. त्यांच्या यादीत फक्त वरच्या पातळीची दीडएक हजार शेपटं आणि ती कोण सांभाळतं याची माहिती. ही सबंध यादी जेमतेम दोन एमबीची. लग्नात मोबाइलवर काढलेला एक फोटो याहून जड असतो.

या मुळाचे सर्व्हर नावाला तेरा, ए पासून एम पर्यंत. तेराच का? सुरुवातीच्या नियमाप्रमाणे उत्तर ५१२ बाइटच्या एका पाकिटात मावायला हवं होतं, आणि तेराहून जास्त नावं पत्त्यांसकट त्यात नीट बसत नव्हती. ही तेरा नावं बारा संस्था सांभाळतात. प्रत्यक्षात एकेका नावामागे जगभर ठिकठिकाणी यंत्रं उभी आहेत, सगळी मिळून दीड हजारांहून जास्त. ‘आय’चं एक मुंबईत आहे. करकंबपासून मुंबई सरळ रेषेत साधारण ३०० किलोमीटर, काचेच्या तारेतून प्रकाश धावतो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर परत यायला तीन सहस्रांश सेकंद पुरे. तार वळणावळणानं जाते, मधल्या यंत्रांचाही वेळ जातो, तो धरून चौपट करा. तरी पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

मग ३५ कोटी नावं आहेत तरी कुठं? एका ठिकाणी कुठंच नाहीत. नाशिकला गोदाघाटावर गेलेल्यांना हा कारभार समजावून सांगायला नको. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या असतात, पण सगळ्या गावांच्या एकाकडे नसतात. तुम्ही आडनाव-गाव सांगता, समोरचा म्हणतो, ते गाव आमच्याकडे नाही, पलीकडच्यांकडे आहे. दोन-तीन ठिकाणी विचारलं की पणजोबांची सही सापडते. डीएनएसमध्येही, म्हणजे डोमेन नावांच्या या पद्धतीत, तसंच: मूळ सर्व्हर म्हणतो ‘.इन’वाल्यांना विचार, ‘.इन’वाले म्हणतात त्या नावाच्या धन्याला विचार. सरांच्या खोक्यातही बाहेरच्या जगाविषयी एवढंच असतं: तेरा नावं आणि त्यांचे पत्ते.

पूर्वी असं नव्हतं. अमेरिकेतल्या अर्पानेट या सुरुवातीच्या संगणकजाळ्यावर सगळ्या यंत्रांची मिळून एकच फाइल होती. ती कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला एलिझाबेथ फाइनलर यांच्या चमूकडून सांभाळली जाई. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, त्यांनी ते फायलीत घालायचं, आणि बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी कामाची वाटणी करणारी आजची पद्धत मांडली. बर्कलेच्या चार विद्यार्थ्यांनी लगोलग ‘बाइंड’ लिहिलं.

भारताच्या वाट्याला ‘.इन’ आलं ते मे १९८९ मध्ये, आणि त्याचा कारभार बरीच वर्षं चालला तो मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेतून. १९९२ ते २००४ या काळात नोंदली गेलेली नावं किती, तर सुमारे ७,०००. नियम इतके कडक की नाव मिळवणं दिव्यच होतं. २००५ मध्ये ते सैल झाले आणि कारभार निक्सी या संस्थेकडे गेला. आज ‘.इन’ नावं ३० लाखांच्या पुढं आहेत.

२०१४ मध्ये देवनागरीतलं ‘.भारत’ही आलं. मात्र आतल्या यंत्रणेला अजून रोमन अक्षरं, अंक आणि जोडरेघ एवढंच कळतं, त्यामुळे देवनागरी नावाचं आधी रूपांतर होतं. ‘करकंब’ कसं होतं ते करून पाहिलं: एक्स एन, दोन जोडरेघा, मग आय १ बी १ बी ए ७ जी आर ए. गावाच्या पाच खुणांची (अनुस्वार धरून) चौदा अक्षरं झाली. गावकऱ्यांना दाखवलं तर गाडीचा नंबर म्हणतील.

नावाच्या एका तुकड्यात अशी ६३ अक्षरं चालतात. २६ अक्षरं, १० अंक आणि एक जोडरेघ, तीही टोकांना चालत नाही. एवढ्यावर ६३ अक्षरी नावं किती होतील याचा गुणाकार केला तर उत्तर ९९ आकडी येतं. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या एकावर ऐंशी शून्यांच्या घरात धरतात. एकेका अणूला वाटून दिली तरी प्रत्येकाला सुमारे साठ परार्ध नावं येतील. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं जिथं संपतात तो मुक्काम. आणि तरीही हवं ते नाव कुणीतरी आधीच घेतलेलं असतं, हा अनुभव प्रत्येक दुकानदाराला येतो.

प्रश्नांचा ओघही असाच. गुगलच्या सार्वजनिक सर्व्हरांना २०१२ मध्येच दिवसाला ७,००० कोटी प्रश्न येत होते, म्हणजे सेकंदाला आठ लाखांवर. जाळं कोलमडत नाही ते विचारलेलं लक्षात ठेवण्याच्या सोयीमुळे. प्रत्येक उत्तरासोबत ते किती सेकंद खरं मानायचं तेही येतं. ८६,४०० लिहिलं तर पूर्ण दिवस. शाळेतल्या पहिल्या मुलानं एखादं संकेतस्थळ उघडलं की बाकीच्या सगळ्यांना उत्तर खोलीतल्या खोलीतच मिळतं. पण मुदत जपून लिहावी. पत्ता बदलल्यावर जुनं उत्तर लोकांकडे तेवढाच वेळ टिकून राहतं आणि शिव्या सरांना बसतात.

शेवटची खबरदारी अनुक्रमांकाची. फायलीत बदल केला की हा आकडा वाढवावा लागतो, नाहीतर जोडीच्या सर्व्हरला बदल कळतच नाही. रिवाज असा की तारीख आणि पुढं दोन अंक लिहायचे: २०२६०१२६०१. या आकड्याची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे तारखेची ही पद्धत सन ४२९४ च्या ३१ डिसेंबरपर्यंत बिनघोर चालेल. पुढच्या १ जानेवारीला जे कोणी सर ड्यूटीवर असतील त्यांनी काय ते बघावं.