कुणाचा बिल्ला?

चैत्र पौर्णिमेच्या आसपास कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर कोण कुठून आलं हे विचारावं लागत नाही. यात्रेतल्या गुलालानं सदरा गुलाबी, टोपी गुलाबी, कानामागची कातडी गुलाबी, हातातली पिशवीही गुलाबी. गडी जोतिबाच्या डोंगरावरून उतरलाय, हे पन्नास पावलांवरून कळतं. ओळख ना पाळख, समोरून येणारा ‘चांगभलं’ म्हणतो आणि पुढं जातो. तो सदरा पुढच्या दोन-तीन धुण्यांतही आपली यात्रा सोडत नाही.

जगात बऱ्याच ठिकाणी हे काम पत्र्याची एक गोल चकती करते. समोर धबधब्याचं, किल्ल्याचं, प्राणिसंग्रहालयातल्या अस्वलाचं किंवा दीपगृहाचं चित्र, खाली गावाचं नाव आणि मागं टाचणी. जिथं जाऊ तिथला बिल्ला घ्यायचा, टोपीला किंवा जाकिटाला लावायचा आणि घरी आल्यावर बुचाच्या फळीवर टोचायचा. हा छंद कुणी शाळेत असताना सुरू करतं आणि पेन्शनीत गेल्यावरही सोडत नाही. त्याची कोल्हापुरी शाखा शोधायला निघालं की एक विचित्र गोष्ट दिसते. आपल्याकडे बिल्ल्यांचा तोटा नाही. हमालाचा आहे, कंडक्टरचा आहे, मंडळाच्या कार्यकर्त्याचा आहे, उमेदवाराचा आहे, साहित्य संमेलनातल्या प्रतिनिधीचाही आहे. फक्त फिरून आलेल्या गावाचा तेवढा जवळजवळ नाही. आपला बिल्ला ‘मी कुठं जाऊन आलो’ हे सांगत नाही, ‘मी कुणाचा’ हे सांगतो. गेल्या काही वर्षांत मात्र हे बदलू लागलं आहे.

प्रवासाचा बिल्ला ही मुळात यात्रेकरूंची वस्तू. इंग्लंडमध्ये कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट याचा ११७० साली चर्चमध्येच खून झाला. त्यानंतर तिथं यात्रा भरू लागली आणि शिसं-कथिलाच्या ओतीव बिल्ल्यांचा बाजार उभा राहिला. स्पेनमधल्या सांतियागोहून परतणारा टोपीवर शिंपला लावून येई. स्वित्झर्लंडमधल्या आइनझीडेल्न इथं १४६६ च्या उत्सवात चौदा दिवसांत एक लाख तीस हजार बिल्ले विकले गेल्याची नोंद आहे. लंडनला थेम्स नदीच्या चिखलातून हे बिल्ले अजून निघतात. योहान गुटेनबर्गनंही छपाईत नाव काढण्याआधी या धंद्यात हात घातला होता. जर्मनीतल्या आखेनच्या यात्रेसाठी छोट्या आरशांचे बिल्ले बनवायला त्यानं भागीदार जमवले. गर्दीत मागं राहिलेल्या यात्रेकरूनं तो आरसा उंच धरायचा, म्हणजे पवित्र अवशेषांचं तेज त्यात उतरतं, अशी श्रद्धा होती. यात्रा १४३९ ची धरली होती, ती प्लेगमुळं एक वर्ष पुढं गेली आणि पैसा अडकला. एक भागीदार वारल्यावर त्याच्या वारसांनी दावा लावला. त्या दाव्याच्या कागदपत्रांमुळंच ही हकिगत आज आपल्याला कळते.

म्हणजे ती चकती तेव्हा शोभेची नव्हती. मूर्तीला किंवा अवशेषाला टेकवून ती घरी न्यायची, दाराला ठोकायची, आजाऱ्याच्या उशाशी ठेवायची. आपल्या भाषेत तो प्रसादच.

मग आपल्याकडे यात्रा एवढ्या मोठ्या असताना असा बिल्ला का रुजला नाही? माझ्या मते त्याची जागा आधीच भरलेली होती. नरसोबाच्या वाडीहून पेढे आणि कवठाची बर्फी येते, अंबाबाईचं कुंकू येतं, जोतिबाचा गुलाल-खोबरं येतं. यातलं बहुतेक घरी ठेवण्यासाठी नसतंच. शेजारीपाजारी वाटलं की यात्रा पुरी झाली. प्रसाद स्वतःपाशी साठवून ठेवणारा माणूस आपल्याकडे संग्राहक ठरत नाही, कंजूष ठरतो.

जे वाटायचं नसतं, ते अंगावर किंवा देवघरात जातं. जत्रेत गोंदणाऱ्या बायकांपुढं हात धरून बसायचं आणि देवाचं किंवा नवऱ्याचं नाव कातडीवर उतरवून घ्यायचं, हे आमच्या आजीच्या पिढीला अप्रूपाचं नव्हतं. माध्व वैष्णवांत आषाढी एकादशीला तापवलेल्या शंख-चक्राच्या मुद्रा दंडावर घेतात. ही खूण टाचणी काढून पेटीत ठेवता येत नाही.

देवघरातला टाक हा तर बिल्ल्याचा सख्खा चुलतभाऊ म्हणावा इतका जवळचा. चांदीचा किंवा पितळेचा पातळ पत्रा कोरीव ठशावर ठेवून ठोकायचा, म्हणजे घोड्यावरचा खंडोबा किंवा महिषासुराला मारणारी भवानी उठून येते. छातीवरचा बिल्ला आणि टाक यांच्या कारागिरीत फारसं अंतर नाही. हेतूत मात्र दोन ध्रुवांचं आहे. टाक आठवण म्हणून कुणी आणत नाही. तो कुळाचा असतो. भाऊ वेगळे झाले की धाकट्याच्या घरी नवे टाक होतात, आणि अधूनमधून ते कापडात गुंडाळून मूळ ठाण्यावर देवाच्या भेटीला नेतात. बिल्ला जत्रेतून घरी येतो, टाक घरातून जत्रेला जातो. कोल्हापूरची सराफांची गुजरी आणि चांदीच्या कामासाठी नावाजलेली हुपरी इतकी जवळ असताना पत्र्यावर चित्र उठवणाऱ्या हातांची इथं कमी नव्हती. गिऱ्हाइकाला पर्यटक म्हणून मिरवायचं नव्हतं, एवढंच.

आज आपण ज्याला बटण-बिल्ला म्हणतो तो अमेरिकेत जन्मला. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क गावच्या व्हाइटहेड अँड होग या कंपनीनं १८९६ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. छापील कागदाच्या गोल तुकड्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा, दोन्ही पत्र्याच्या वाटीवर ताणून बसवलेले, मागं कड्यात अडकवलेली तारेची टाचणी. त्याच वर्षी मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन अशी अध्यक्षपदाची निवडणूक लागली आणि बिल्ल्यांचा पूर आला. मागोमाग जागतिक प्रदर्शनं, सर्कशी, सिगारेट कंपन्या आणि पर्यटनस्थळं आली. जुने बिल्ले जमवणारे लोक चित्राआधी बिल्ला उलटा करून बघतात. आत चिकटवलेल्या कागदावर कंपनीचं नाव आणि पेटंटच्या तारखा असतात, त्यावरून वय ठरतं. कागद नसेल तर भाव पडतो. सेल्युलॉइडखाली पाणी शिरलं की तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात असा संग्रह सांभाळायचा तर डबा कोरडा हवा आणि टाचण्या एकमेकींना न लागतील अशी मांडणी हवी, नाहीतर गौरी-गणपतीपर्यंत पाठी तांबारतात.

आता आपल्या बिल्ल्यांकडे वळू.

सगळ्यांत जुना कामाचा. संस्थानी काळात कचेरीतल्या शिपायाच्या पट्ट्यावर पितळी चपरास असे, तिच्यावर खात्याचं किंवा संस्थानाचं नाव कोरलेलं. ती अंगावर असली की शिपायाच्या शब्दाला सरकारचं वजन येई. मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे १८९१ मध्ये आली. रेल्वे आली की नंबराचा पितळी बिल्ला बांधलेला हमाल आलाच. पलटणीची चिन्हं वेगळी; करवीर संस्थानाची राजाराम रायफल्स ही पलटण पुढं भारतीय सैन्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची १९ वी बटालियन झाली. संस्थानं गेली आणि अशा नंबरांचं, मोहोरांचं पितळ मोडीत गेलं. त्यातलं थोडंसं जुन्या बाजारात वळलं, आणि आज संस्थानी चपराशी, पट्ट्याची बक्कलं, टोपीवरची चिन्हं जमवणारा एक वर्ग नाण्यांच्या प्रदर्शनांत हमखास भेटतो. सामान्य माणसाच्या मनात मात्र बिल्ला म्हटलं की एकच आकडा येतो, ७८६. ‘दीवार’ (१९७५) मधल्या गोदी कामगाराच्या त्या बिल्ल्यानं गोळी अडवली, आणि कामाचा नंबर असलेल्या पितळेला देशभर ताइताची कळा आली.

पोरांनी खऱ्या अर्थानं जमवले ते निवडणुकीचे बिल्ले. प्रचाराची जीप गल्लीत शिरली की मागं पोरांची पलटण. वरून मूठभर बिल्ले फेकले जायचे आणि गुडघे फोडून ते गोळा व्हायचे. आधी पत्र्याचे, मग प्लॅस्टिकचे, शेवटी नुसते चिकटवायचे कागद. काँग्रेसची १९६९ पर्यंतची बैलजोडी, नंतरचं गाय-वासरू, जनसंघाची पणती, प्रजासमाजवाद्यांची झोपडी, कम्युनिस्टांचं विळा-कणीस, आणि कोल्हापुरात ज्याशिवाय संग्रह पुरा होणं शक्य नव्हतं तो शेतकरी कामगार पक्षाचा खटारा. पोराला पक्षाशी देणंघेणं नसे. घर लाल बावट्याचं असलं तरी खिशाला बैलजोडी चालायची. बापाला ती दिसली की कानाखाली बसायची, तो भाग वेगळा. गावाचा बिल्ला नसलेल्या या मुलखात निखळ संग्राहकाची नजर पहिल्यांदा या पोरांना आली असं मी म्हणेन. दुर्मीळ चिन्हाला जास्त भाव, एकाच प्रकारचे दोन झाले की अदलाबदल, गंजलेला कुणी घेणार नाही. नाणी-तिकिटांच्या छंदातले सगळे कायदे त्यांना कुणी न शिकवता येत होते. पुढं खर्चाच्या मर्यादांची अंमलबजावणी कडक झाली, बिल्लेही हिशेबात धरले जाऊ लागले, आणि जीपमधून फेकाफेक संपली.

तिसरा बिल्ला मांडवातला. साटिनच्या फितीचं फूल, मधे छापील गोल, खाली लोंबत्या दोन पट्ट्या आणि त्यावर ‘स्वागत समिती’, ‘स्वयंसेवक’ किंवा ‘प्रतिनिधी’. कोल्हापूरनं अखिल भारतीय साहित्य संमेलनं पाहिली आहेत. १९३२ चे अध्यक्ष सयाजीराव गायकवाड, १९९२ चे रमेश मंत्री. मधे १९७४ ला शेजारच्या इचलकरंजीत पु. ल. देशपांडे होते. संमेलनात तीन दिवस माणसं एकमेकांच्या चेहऱ्याआधी फितीचा रंग बघतात, कारण जेवणाच्या पंगतीचं दार त्या रंगावर उघडतं. गणपतीत हेच काम मंडळाचा बिल्ला करतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत दोराच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे तोच ठरवतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा फुटबॉलचा सामना असला की बिल्ल्याचीही गरज उरत नाही. कोण कुठल्या बाजूला बसलंय यावर सगळं कळतं.

जगातल्या बिल्ल्यांची सर्वांत मोठी अदलाबदल जिथं चालते तिथं मात्र कोल्हापूरकर पोचलेले आहेत. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळाडू, पंच आणि अधिकारी ओळखू यावेत म्हणून पुठ्ठ्याच्या चकत्या दिल्या होत्या. पुढं प्रत्येक देशाच्या पथकाच्या धातूच्या पिना आल्या आणि क्रीडाग्रामात त्यांची देवाणघेवाण हा जवळपास वेगळा खेळच झाला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले, तेव्हा त्यांच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ते कांस्यपदक घेऊन आले आणि बैलगाड्यांच्या मिरवणुकीत घरी गेले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून नेमबाजीतलं कांस्य घेऊन आला. तेव्हा तो नोकरीनं रेल्वेतला तिकीट तपासनीस होता, म्हणजे छातीवर बिल्ला लावण्याची सवय असलेला माणूस.

आता बदल. हातदाबाचं बटण-यंत्र आज छोट्या छपाईवाल्याच्या टेबलावर मावतं. बिल्ला अठ्ठावन्न मिलिमीटरचा करायचा तर कागद सत्तरच्या आसपास कापायचा, कारण कडा आत वळते. वाटी, कागद, वर पारदर्शक चकती, एकदा दांडा दाबायचा. मग टाचणीचं झाकण खाली ठेवून दुसऱ्यांदा दाबायचा. शंभर बिल्ल्यांसाठी आता न्यूअर्कच्या कारखान्याची गरज नाही. किल्ल्यांच्या पायथ्याच्या दुकानांत शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेचे बिल्ले लटकलेले दिसतात आणि ट्रेकला जाणाऱ्या पोरांच्या पाठपिशव्यांवर ते भरलेले असतात. पण नीट बघा, त्यावर गडाचं नाव क्वचितच असतं. सिंहगडावर घेतलेली राजमुद्रा आणि प्रतापगडावर घेतलेली राजमुद्रा तीच. इथंही बिल्ला ‘मी महाराजांचा’ म्हणतो, ‘मी प्रतापगड चढलो’ म्हणत नाही.

माझी तक्रार नेमकी इथं आहे, आणि तिला २०२५ मध्ये आयतं निमित्त मिळालं. त्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा ठेवा म्हणून बारा किल्ले जागतिक वारसायादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, तमिळनाडूतला जिंजी आणि आमचा पन्हाळा. डोंगर, जंगल आणि समुद्र, तिन्ही आले. संग्राहकाला बारा हा आकडा फार गोड, कारण तो पुरा होण्याजोगा असतो, आणि जिंजीसारखा एक लांबचा नग त्यात अडकून बसला की चव वाढते. जपानमध्ये शंभर नामवंत किल्ल्यांची यादी करून २००७ पासून प्रत्येक किल्ल्यावर रबरी शिक्का ठेवला. वहीत शंभर शिक्के जमवायला लोक देशभर फिरतात. शिक्का किल्ल्यावर गेल्याशिवाय मिळत नाही, हे त्यातलं मर्म. आपल्याकडे बारा गडांवर बारा वेगळे बिल्ले ठेवायला फार मोठी योजना लागणार नाही. अट एकच, ते पुण्या-मुंबईच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळता कामा नयेत.

पन्हाळ्याच्या बिल्ल्यावर काय असावं, याचा वाद मात्र आधीच ऐकू येतोय. इतिहासवाला म्हणेल, तीन दरवाजा. हिशेबी माणूस म्हणेल, धान्याच्या कोठारांचा अंबरखाना. सहलीला आलेलं जोडपं सज्जाकोठी मागेल. शिवाजी महाराज वेढ्यातून निसटले ती जुलै १६६० ची रात्र डोक्यात असलेल्यांत बाजीप्रभू की शिवा काशीद यावर दोन तट पडतील, आणि पावनखिंडीपर्यंत पावसात चालत जाणारे म्हणतील की गड सोडा, वाट काढा. कोल्हापूर शहराचा बिल्ला काढायचा ठरला तर बैठकच उधळेल. अंबाबाईवर एकमत होईल, पण देवीचं चित्र छातीवर लावून मटणाच्या खानावळीत बसायचं का, हा प्रश्न कुणीतरी काढेलच. मग रंकाळा, खासबाग, कापशी चप्पल, साज. शिवाजी पेठ स्वतःचा वेगळा काढेल, मंगळवार पेठ त्याच संध्याकाळी दोन मिलिमीटर मोठा काढेल, आणि खरा संग्राहक असेल तो दोन्ही पेठांत चहा पिऊन दोन्ही घेऊन येईल.