पुठ्ठा, चांदी आणि एक मेलेला कीबोर्ड

व्हिडिओ गेमचा कंट्रोलर म्हटलं की दुकानाच्या काचेआडची गुळगुळीत काळी वस्तू डोळ्यांसमोर येते. पण या वस्तूचा जन्मच मुळी अडगळीतून झाला आहे. १९६२ सालची गोष्ट. अमेरिकेत एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या कपाटाएवढ्या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा दोघांनी खेळायचा खेळ रचला. खेळायचं कसं, तर संगणकाच्या अंगावरचे खटके खाली-वर करत. थोड्याच वेळात कोपर भरून यायचं. शिवाय खटके पडद्याच्या एका अंगाला, त्यामुळे एकाला पडदा नीट दिसायचा आणि दुसऱ्यावर अन्याय व्हायचा. मग ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स उठले आणि विद्यार्थ्यांच्या मॉडेल रेल्वे क्लबात गेले. दोघेही तिथलेच सभासद. तारांचे तुकडे, लाकूड, बेकेलाइट, स्विचबोर्डचं पडलेलं सामान त्यांनी गोळा केलं, ठोकाठोक झाली, सोल्डरिंग झालं आणि दोन पेट्या तयार झाल्या. एक खटका यान डावी-उजवीकडे फिरवायला, दुसरा वेग द्यायला आणि टॉर्पेडो सोडायला एक बटण. ते बटण मुद्दाम आवाज न करणारं घेतलं होतं. नाहीतर शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला नेम कधी साधला जातोय याची चाहूल लागली असती!

या हकिकतीतलं ते मुकं बटण मला सगळ्यात प्रिय आहे. जो स्वतः खेळतो आणि स्वतःच बनवतो, त्यालाच असलं काही सुचतं.

बाकीचा इतिहास थोडक्यात. स्पेसवॉरच्याही आधी, १९५८ मध्ये, ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपवर टेनिस दाखवलं होतं, तेव्हा खेळाडूंच्या हातात एक फिरकी आणि एक बटण होतं. १९७७ मध्ये अटारीची घरगुती यंत्रणा जॉयस्टिकसह आली, १९८३ मध्ये निन्टेंडोची फॅमिकॉम तिच्या अधिकचिन्हासारख्या बटणासह. मग अंगठ्याने हलवायच्या काड्या, थरथर, बिनतारी जोडणी वगैरे. अटारीच्या जॉयस्टिकच्या पोटात फक्त पाच स्विच होते, चार दिशांचे चार आणि गोळीबाराचा एक, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. पाच स्विच तर कोणीही बनवू शकतं.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारली की बंद पडलेल्या यूएसबी कीबोर्डांचे ढीग दिसतात. चहा सांडला, दोन कळा गेल्या, टाका भंगारात! मी असे कीबोर्ड हौसेने आणतो, कारण त्यांचा मेंदू बहुधा शाबूत असतो. मागचे स्क्रू काढा. आत पारदर्शक प्लास्टिकचे तीन पापुद्रे निघतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विजेच्या वाटा छापलेल्या, मधल्यावर नुसती भोकं. कळ दाबली की त्या भोकातून वरची वाट खालच्या वाटेला टेकते. बस, एवढंच. पापुद्रे बाजूला ठेवले की कोपऱ्यात बोटभर रुंदीची एक पट्टी उरते, तिच्यातूनच यूएसबीची वायर बाहेर जाते. आपल्याला हवी ती हीच.

या पट्टीच्या कडेला काळपट टोकांच्या दोन रांगा असतात. शंभरावर कळांसाठी शंभर वायरी लागत नाहीत. पहिल्या रांगेतलं एक टोक आणि दुसऱ्या रांगेतलं एक टोक एकमेकांना जोडलं की एक अक्षर उमटतं. पट्टी संगणकाला जोडा, नोटपॅड उघडा आणि वायरीच्या तुकड्याने टोकांच्या जोड्या लावत बसा. कुठे ‘के’ उमटतो, कुठे बाण हलतो. वहीत तक्ता मांडत जायचं. हे काम मला शब्दकोड्यापेक्षा जास्त गुंगवतं.

इथे एक खुबी आहे. पहिल्या रांगेतलं एकच टोक सगळ्या बटणांना सामाईक ठेवा आणि दुसऱ्या रांगेतली टोकं वेगवेगळी घ्या. म्हणजे सहा बटणांना सातच वायरी लागतात. शिवाय जुन्या स्वस्त कीबोर्डांत तीन कळा एकदम दाबल्या की कधीकधी न दाबलेली चौथीच उमटते, तो भुताटकीचा त्रासही टळतो. आणखी एक. त्या काळपट टोकांवर कार्बनचा थर असतो, त्याला सोल्डर धरत नाही. ब्लेडने हलकेच खरवडा, खालचं तांबं चकाकलं की मग डाग द्या.

बटणांसाठी पुठ्ठ्याचे दोन चौकोन, दोन्हींवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची चांदी आणि मधे भोक पाडलेला स्पंजचा तुकडा. दाबलं की चांदीला चांदी भिडते, सोडलं की स्पंज परत उचलतो. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर चिकटत नाही, म्हणून वायरीचं सोललेलं टोक चांदीच्या घडीत घालून स्टेपलर मारायचा. मात्र चकाकतं ते सगळं वीज नेत नाही. वेफर्सच्या पाकिटाचा चंदेरी थर प्लास्टिकच्या पापुद्र्यांत अडकलेला असतो. ज्यूसच्या खोक्यातही ॲल्युमिनियमवर प्लास्टिक असतं. थंड पेयाच्या कॅनला बाहेरून रंग आणि आतून लॅकर. पॉलिशपेपरने घासला तरच तो उपयोगी. स्टीलच्या डब्याचं झाकण मात्र घासायचीही गरज नाही.

आणि जुना बॉलवाला माऊस मिळाला तर सोडू नका! त्याच्या आत खाचा पाडलेली चिमुकली चाकं असतात. चाकाच्या एका बाजूला अवरक्त किरणांचा दिवा, दुसऱ्या बाजूला ते किरण टिपणारे दोन डोळे, एकमेकांपासून किंचित सरकवलेले. कोणत्या डोळ्याला अंधार आधी येतो त्यावरून चाक कुठल्या दिशेने फिरलं ते कळतं. त्या चाकाच्या दांड्याला टाकाऊ सीडी चिकटवली की झकास फिरकी तयार होते. १९७६ च्या ‘ब्रेकआउट’च्या धर्तीचे विटा फोडायचे खेळ तिच्यावर खेळण्यात जी मजा आहे, ती बाणांच्या कळांवर नाही.

विकत मिळणारे सोपे मार्गही आहेत. एमआयटीच्याच जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम यांनी २०१२ मध्ये ‘मेकी मेकी’ आणलं. त्याच्या आत २२ मेगाओहमचे रोधक असल्यामुळे केळ्यातून किंवा ओल्या हातातून जाणारा नाममात्र प्रवाहही बटण दाबल्यासारखा ओळखला जातो. निन्टेंडोने २०१८ मध्ये ‘लाबो’ काढून पुठ्ठ्यालाच मान दिला. त्यातल्या पियानोच्या पट्ट्यांची हालचाल आतला अवरक्त कॅमेरा टिपतो, ही कल्पना सुंदरच. पण पुठ्ठा आधीच कापून आलेला, त्यामुळे कुठे कापायचं हा विचारच उरत नाही. मला तो विचार हवा असतो. अरविंद गुप्तांनी पुण्यात, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, कचऱ्यातून जी खेळणी घडवली, त्यांतही रिकामी रिफील आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब मुलाच्याच हातून कापली जाते.

एका शाळेत मुलांसोबत हे सगळं मांडून बसलो होतो. एका मुलीची बोटं नीट मिटत नव्हती. बाजारातला कंट्रोलर तिला धरताच येत नसे. तिच्या वर्गमित्रांनी जेवणाच्या थाळीएवढी चार बटणं केली, दोन टेबलावर तळहातासाठी, दोन खाली पायांसाठी. उडी मारायचं बटण डाव्या पायाखाली हवं, हे तिने स्वतः सांगितलं. मग तासभर तिने कोणालाच पाळी दिली नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ‘एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर’ काढला तो याच गरजेतून. त्याच्या मागे हेडफोनच्या पिनसारखी ३.५ मिलिमीटरची १९ भोकं आहेत आणि प्रत्येकात वेगळा स्विच लावता येतो. चांदी-स्पंजचा आपला घरगुती स्विचही तिथे चालतो. मोडक्या इअरफोनची पिन कापून त्याला जोडली की झालं. घरातल्या कोणाच्या हाताला कंप असेल, कोणाची एक बाजू लुळी असेल, तर बटण त्या माणसाच्या मापाने करता येतं. त्याला खर्च जवळपास शून्य येतो.

या दिवाळीत घर आवरताना जुना कीबोर्ड निघाला, तर मुलांना तो उघडू द्या. यूएसबीचे पाच व्होल्ट अंगाला धोका करत नाहीत, पण घरच्या विजेवर थेट चालणारी उपकरणं, जुने काचेचे टीव्ही आणि मोबाईलच्या फुगलेल्या बॅटऱ्या यांना हात लावू देऊ नका. सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवायला लावा. बाकी लागतो तो एक स्क्रूड्रायव्हर आणि मोकळी दुपार.