अडखळत होतं ते चित्र, बाबा नव्हेत

सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी अकरा वाजले की आमच्या घरात सगळे हळू आवाजात बोलतात. त्या वेळी आतल्या खोलीत बाबांची स्पीच थेरपी चालू असते, टॅबलेटवर. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय बऱ्यापैकी सावरले, पण शब्द गेले. समोरच्याचं बोलणं कळतं, काय म्हणायचंय तेही मनात असतं, पण नेमका शब्द तोंडातून निघत नाही. याला वाचाघात म्हणतात. थेरपिस्टबाई दुसऱ्या गावात. आठवड्यातून तीनदा बाबांना तिथे नेणं जमणारं नव्हतं, म्हणून व्हिडिओ कॉल.

दुसऱ्याच आठवड्यात चित्र अडखळायला लागलं. 'पाणी' म्हणून दाखवण्यासाठी बाई ओठ मिटायच्या आणि चेहरा तसाच गोठायचा. दोन-तीन सेकंदांनी नुसतं 'णी' ऐकू यायचं. बाबा थांबायचे, पुन्हा प्रयत्न करायचे, मग हातानेच 'नको' म्हणायचे. एके दिवशी त्यांनी टॅबलेट सरळ पालथा घातला. चुकतंय ते आपलंच, असं त्यांना वाटत होतं.

आपण फक्त कानांनी ऐकतो हा आपला समज आहे. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. आवाज 'बा'चा लावला आणि पडद्यावरचे ओठ 'गा' म्हणणारे दाखवले, तर बहुतेकांना तिसरंच, 'दा', ऐकू आलं. मेंदू कान आणि डोळे यांचा हिशेब एकत्र मांडतो. धडधाकट माणसाचं हे; ज्याचा मेंदू शब्द नव्याने जुळवतोय, त्याच्यासमोर ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे गेला तर काय होईल? शिवाय बोलण्यात पाळी असते. एकाचं संपलं की दुसऱ्याने सुरू करायला सहसा सेकंदाचा पाचवा हिस्साच लागतो. आवाज पोहोचायला दीडशे मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागायला लागला की संवाद खटकू लागतो, म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही हाच आकडा आहे.

मी कंपनीला फोन केला. मुलगा आला, हॉलमध्ये राउटरशेजारी उभं राहून मोबाइलवर वेग मोजला. शंभराच्या प्लॅनवर ९४ एमबीपीएस. 'लाइन एकदम ओके आहे काका,' म्हणाला आणि गेला. तो खोटं बोलत नव्हता. त्याने मोजलं ते आमच्या दारापर्यंतचं. दुखणं दाराच्या आत होतं.

घरातलं इंटरनेट दोन तुकड्यांत येतं. रस्त्यावरून राउटरपर्यंत तारेतून, आणि राउटरपासून आपल्या हातातल्या पडद्यापर्यंत हवेतून. दोष कुठल्या तुकड्यात आहे हे आधी ठरवलं नाही, तर माणूस महागडा प्लॅन घेतो आणि चित्र तिथेच गोठतं. ठरवायची पद्धत सोपी आहे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडायचा आणि त्याच वेळी कॉल लावून बघायचा. आमचा कॉल केबलवर तासभर स्वच्छ चालला. मग टॅबलेट घेऊन बाबांच्या पलंगावर बसलो आणि वेग मोजला: एकदा अकरा, एकदा चार, एकदा दीड.

'पण रात्री मालिका तर नीट दिसतात,' आई म्हणाली. बरोबर होतं तिचं. मालिका किंवा सिनेमा ही साठवणीची गोष्ट आहे. पुढचा काही सेकंदांचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. मध्येच पुरवठा तुटला तरी साठ्यावर निभावतं, फार तर चित्र थोडं पुसट होतं. साठाही संपला की ते गोल चक्र फिरू लागतं. जिवंत कॉलला अशी साठवण करताच येत नाही, कारण बाई पुढच्या सेकंदाला काय म्हणणार हे अजून घडलेलंच नसतं. त्यामुळे कॉलला वेग थोडका पुरतो, दोन-तीन एमबीपीएसही चालतात, पण तो अखंड लागतो. शंभरचा आकडा इथे फारसा कामाचा नाही.

आमचा राउटर दारापाशी, चप्पलस्टँडवरच्या बंद कप्प्यात. फायबरची तार तिथून आत आली, म्हणून तिथे. आणि दिसायला बरं नाही, म्हणून कप्प्यात. तिथून बाबांच्या पलंगापर्यंत सरळ रेषा ओढली, तर वाटेत स्वयंपाकघर, फ्रिज, सळयांची काँक्रीटची भिंत आणि त्या भिंतीला टेकलेलं आरशाचं लोखंडी कपाट. रेडिओलहरींना लाकूड, प्लास्टिक किंवा पडद्याचं विशेष काही वाटत नाही. धातू त्यांना परतवून लावतो, काँक्रीट आणि पाणी शोषून घेतं. आरशाच्या मागचा मुलामाही धातूचाच. म्हणजे आम्ही नकळत बाबांभोवती तटबंदीच उभी केली होती.

सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात. मोबाइलवर ती दाखवणारी ॲप फुकट मिळतात. आकडा उणे असतो: उणे पन्नास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ निभावतो, उणे ऐंशीला आशा सोडावी. दर दहाच्या फरकाला ताकद दहापट घटते. पलंगावर उणे ७८ होतं.

तरीही एक कोडं उरलं. दुपारी तीन वाजता, त्याच पलंगावर, कॉल रडतखडत का होईना पण चालायचा. सकाळी अकरालाच तो पार मोडायचा. दोन दिवस मी टॅबलेटवर राउटरला हाका मारत बसलो. म्हणजे एक छोटा संदेश पाठवायचा आणि उत्तर किती वेळात येतं ते बघायचं. पाच, सहा, पाच मिलिसेकंद... आणि अकरा वाजून गेल्यावर अचानक तीनशे, चारशे, उत्तरच नाही. त्याच वेळी स्वयंपाकघरातून 'टिंग' आवाज आला आणि आकडे पुन्हा खाली आले. आई मायक्रोवेव्हमध्ये बाबांची पेज गरम करत होती.

जुनं वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि घरचा मायक्रोवेव्ह २.४५ला. राउटर साधारण दशांश वॅट ताकदीने बोलतो. भट्टी आठशे-हजार वॅटने पेटते. दारातून झिरपणारा अत्यल्प अंश माणसाला अपाय करत नाही, पण शेजारून कुजबुजणाऱ्या राउटरचा आवाज दडपायला तो पुरतो. त्यातही बहुतेक घरगुती भट्ट्या विजेच्या लाटेच्या अर्ध्या भागातच लहरी सोडतात, सेकंदाला पन्नास वेळा चालू-बंद. मधल्या फटींतून वायफाय कसंबसं निसटतं. म्हणून चित्र पूर्ण जात नाही, अडखळतं.

आमच्यापेक्षा मोठी माणसंही यात फसली आहेत. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून विचित्र सिग्नल मिळत होते. ते पृथ्वीवरचेच असावेत असा संशय होता, पण उगम सापडेना. २०१५ मध्ये उलगडा झाला. वेधशाळेतल्या मायक्रोवेव्हचं दार, तो थांबायच्या आधीच, कोणीतरी अधीर माणूस उघडत होता.

चोर आणखीही एक होता आणि तो माझ्याच खिशात होता. सकाळी मी मोबाइल चार्जिंगला लावायचो आणि तो इमानेइतबारे आदल्या दिवसाचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागायचा. अशा वेळी राउटरमध्ये रांग लागते. कॉलचे छोटे तुकडे फोटोंच्या ढिगामागे उभे राहतात. वेग भरपूर दिसतो, उशीर मात्र वाढत जातो. ते काम आता रात्री दोनला ठेवलं आहे.

खर्च न करता जे झालं ते आधी सांगतो. राउटर कप्प्यातून बाहेर काढून स्टँडच्या माथ्यावर, उंच ठेवला. कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवलं. सिग्नल उणे ७८चा उणे ७० झाला. राउटर दोन पट्ट्यांचा होता, पण दोन्हींना एकच नाव असल्याने टॅबलेट सारखा २.४ला चिकटायचा. ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव दिलं. हा पट्टा मायक्रोवेव्हपासून दूर आणि प्रशस्त आहे. २.४मध्ये एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११; आमच्या मजल्यावरून मोजली तेव्हा सतरा घरांची नेटवर्क त्या तिघांत दाटीवाटीने बसली होती. पण ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपुढे लवकर दमतात. हॉलमध्ये झकास, पलंगावर पुन्हा रड.

दुकानदाराने रिपीटर पुढे केला. तो भिंतीतल्या सॉकेटला लावायचा, हवेतूनच ऐकायचा आणि हवेतूनच पुढे सांगायचा. तेच वाक्य दोनदा बोलायचं म्हटल्यावर वेळ निम्मा होतो; आणि लोक तो नेमका जिथे सिग्नल नाही तिथेच लावतात, म्हणजे त्यालाच काही ऐकू येत नाही. लावायचाच तर अर्ध्या वाटेवर लावावा. आम्ही त्याऐवजी पंधरा मीटर लॅन केबल घेतली, दाराच्या चौकटीवरून पॅसेजपर्यंत नेली आणि तिथे दुसरा छोटा ॲक्सेस पॉइंट बसवला. पट्टी मारून केबल झाकली तरी आई अजून तिच्याकडे नाराजीने बघते. पलंगावर आता उणे ५२ आहे.

शेजारच्या मावशींनी विचारलंच, 'आजारी माणसाच्या इतक्या जवळ ते यंत्र कशाला?' वायफायच्या लहरींत पेशींमधले रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना 'कदाचित कारणीभूत' या गटात ठेवलं, ते मुख्यतः कानाला लावलेल्या मोबाइलच्या अभ्यासांवरून, आणि तो पुरावा मर्यादित असल्याचंही तिथेच म्हटलं. पॅसेजमधली डबी पलंगापासून तीन मीटरवर आहे. मावशींचं समाधान झालं की नाही, माहीत नाही. चहा मात्र घेऊन गेल्या.

पेज आता गॅसवर गरम होते, निदान त्या तीन दिवशी. गेल्या बुधवारी बाईंनी पेला उचलून दाखवला. बाबांनी त्यांच्या ओठांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, 'चहा.' पेल्यात पाणी होतं. बाई हसल्या, बाबाही हसले, आणि दोघांचं हसू एकाच वेळी पडद्यावर आलं.