तळावरची टाकी : भरली, पण राखली कोणी?

गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या शेतकी विभागात एकच धांदल उडते. तोडणीचा प्रोग्रॅम, टोळ्यांचे करार, मुकादमांची उचल, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची नोंद, फडापर्यंतच्या रस्त्यांची डागडुजी, अशी यादी संपता संपत नाही. या यादीच्या तळाशी एक ओळ असते : ‘कोप्यांवर पाण्याची टाकी.’ टाकी पोचली की त्या ओळीपुढे बरोबरची खूण पडते आणि आपण सुटलो असे सगळ्यांना वाटते. आम्हांलाही तसेच वाटत असे.

काही हंगामांपूर्वीची गोष्ट. ऐन फेब्रुवारीत बारा कोयत्यांच्या एका टोळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी दोघे, दुसऱ्या दिवशी नऊ. चार वर्षांच्या एका पोराला रात्री जीपमध्ये घालून दवाखान्यात न्यावे लागले, सलाईन लावावे लागले. पोर वाचले. पण तीन दिवस कोयता थांबला. तोडलेला ऊस भरणीवाचून फडात वाळला, त्याचे वजन घटले. सभासद आमच्यावर चिडले, आम्ही मुकादमावर चिडलो. मुकादम शांतपणे म्हणाला, “सायेब, पानी तुमचंच हाय की!”

त्याचे खरे होते. विहिरीचे पाणी तपासून घेतले, ते चांगले निघाले. मग टाकी उघडून पाहिली. झाकण हरवलेले, तळाला बोटभर गाळ. भरायचा पाइप शेणा-चिखलात पडलेला, आणि पाणी काढायला सगळ्यांचा मिळून एकच तांब्या. ती टाकी पावसाळाभर शेडमागे उघडी पडली होती आणि हंगामाआधी आम्ही ती धुऊन घेतली नव्हती. चूक आमची होती.

विहिरीतले चांगले पाणी माणसाच्या तोंडापर्यंत जाताना चार ठिकाणी बिघडू शकते : पाइप, टाकी, बॅरल आणि तांब्या. म्हणून या चार ठिकाणांबद्दलच थोडे लिहितो.

किती पाणी लागते?

दहा कोयत्यांची टोळी म्हणजे वीस मोठी माणसे, त्यात दहाएक पोरे धरा. पिणे, स्वयंपाक, भांडी, अंघोळ मिळून माणशी रोज 40 लिटर धरले तर 1,200 लिटर होतात. बैलांचे पाणी वेगळे. ट्रॅक्टरमागची 5,000 लिटरची टाकी अशा तळाला चार दिवस पुरते. तिथे आठ दिवसांनी खेप गेली, तर बायामाणसे पहाटेच्या तोडीआधी अंधारात हंडे घेऊन पाटावर जाणार. आणि पाटाचे पाणी प्यायले गेले की आपल्या टाकीचा उपयोग काय राहिला?

हंगामाआधी

टाकी आतून घासून गाळ काढावा. मग पाण्याने भरून, 25 टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर हजार लिटरला 200 ग्रॅम या हिशेबाने कालवून टाकावी. रात्रभर ठेवावी. नळातूनही थोडे पाणी सोडावे, म्हणजे तोटी आणि पाइप आतून धुऊन निघतात. सकाळी सगळे पाणी पिकापासून आणि विहिरीपासून दूर सोडून द्यावे व टाकी स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळावी. हे पाणी पिण्याचे नव्हे, हे तिथल्या प्रत्येकाला बजावून सांगावे.

मळी, स्पेंटवॉश किंवा फवारणीचे औषध ज्या टाकीतून कधी वाहिले असेल, ती कितीही धुतली तरी पिण्याच्या पाण्याला लावू नये. आत उतरून घासायचे असेल तर एकट्याने कधीही उतरू नये.

भरताना

पाइप पिण्याच्या पाण्यासाठी वेगळा ठेवावा. काम झाले की त्याची दोन्ही तोंडे बांधून तो टाकीवर गुंडाळून ठेवावा. भरण्याआधी थोडे पाणी बाहेर सोडावे. गढूळ पाणी असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो.

ठिबकच्या लाइनवरून टाकी भरून घेण्याची सोय पुष्कळ जण करतात. ज्या लाइनला व्हेंचुरी किंवा खताची टाकी जोडली आहे, तिथून पिण्याचे पाणी भरू नये. युरियाचे पाणी दिसायला स्वच्छच दिसते!

पावडर टाकताना

ताजी, 33 टक्क्यांची पावडर असेल तर रोजच्या पिण्याच्या पाण्याला हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 5,000 लिटरला 25 ग्रॅम, हे सुरुवातीचे प्रमाण धरावे. कोरडी पावडर टाकीत फेकू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी टाकीत ओतावी. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट करावी. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे; लिटरला 0.5 मिलिग्रॅमच्या रंगाशी ते जुळावे. रंग आला नाही तर प्रमाण वाढवून पुन्हा पाहावे. उघड्या पोत्यातली पावडर हवेने, दमटपणाने मरते. ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवावी.

रस्त्यावर आणि तळावर

5,000 लिटर पाणी म्हणजे पाच टन वजन. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण ब्रेक मारला की आतले पाणी ढकलत येते. पाटाच्या कडेने हळूच जावे. तळावर टाकी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. झाकणाला कुलूप हवेच, पोरे वर चढतात. पाणी नळानेच काढावे. बॅरलही झाकलेले, तोटीचे आणि विटांवर उचलून ठेवलेले असावे; आत तांब्या बुडवू नये.

सभासदांना विनंती

तुमच्या फडात तोड आली की तीन गोष्टी करा. गोठ्याला किंवा उकिरड्याला लागून असलेली विहीर टोळीला पिण्यासाठी दाखवू नका. तणनाशकाचे, कीटकनाशकाचे रिकामे कॅन बांधावर टाकू नका. तीन वेळा धुऊन, भोक पाडूनच बाजूला ठेवा. धडका कॅन दिसला की टोळीतली बाई त्यात पाणी भरते, तिला लेबल वाचता येत नसते. आणि तळावरची टाकी उघडी दिसली तर ‘कारखाना बघून घेईल’ असे म्हणू नका, झाकण लावा आणि गट ऑफिसला कळवा.

आम्ही आमच्यापुरता एक बदल केला आहे. प्रत्येक तळावर पाणी राखायला एक माणूस नेमायचा, आणि चिटबॉयने खेपांच्या वहीतच ओटी टेस्टचा आकडा लिहायचा. यादीतल्या त्या ओळीपुढे आता नुसती बरोबरची खूण चालत नाही. तिथे त्या माणसाचे नाव लिहावे लागते.

— ऊस विकास अधिकारी