मार खाऊन मिळालेले भाऊ

फर्डिनांड मार्कोस आणि बेनिग्नो अक्विनो हे फिलिपिन्सच्या राजकारणातले हाडवैरी एका नात्याने भाऊ होते. दोघंही ‘उप्सिलॉन सिग्मा फाय’ या एकाच विद्यार्थी-बंधुमंडळाचे सभासद. सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसनी लष्करी कायदा पुकारला आणि अक्विनोंना लगेच अटक झाली. पुढे लष्करी न्यायालयाने त्यांना देहदंड ठोठावला. सात वर्षांहून अधिक कैद भोगल्यावर १९८० मध्ये ते हृदयावरच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले आणि १९८३ मध्ये परतताच मनिलाच्या विमानतळावर त्यांची हत्या झाली. आयुष्यभराच्या म्हणवल्या जाणाऱ्या बंधुत्वाने त्यांचं रक्षण केलं नाही.

ग्रीक अक्षरांची नावं आणि गुप्त शपथा यांची परंपरा अमेरिकेतली. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात १७७६ मध्ये ‘फाय बीटा कॅपा’ स्थापन झाली. अमेरिकी राजवटीत, १९०८ मध्ये, फिलिपिन्स विद्यापीठ उभं राहिलं आणि १९१८ मध्ये तिथे उप्सिलॉन आली. मुलींची भगिनीमंडळंही पुढे निघाली.

हे रोप तिथे रुजलं, कारण गरज खरी होती. सात हजारांहून अधिक बेटं आणि दीडशेहून अधिक भाषांचा हा देश. इलोकोसचा किंवा विसायाचा मुलगा मनिलात येतो, तेव्हा आधी आपल्या प्रांताच्या मंडळात आधार शोधतो. बंधुमंडळ त्याला भाषा-प्रांतापलीकडचं घर देतं: राहायला सोबत, अभ्यासाला ज्येष्ठ, पुढे कचेरीत आणि कोर्टात ओळख. एकमेकांना ‘ब्रॉड’ म्हणणारी ही माणसं सहसा जन्मभर एकमेकांना धरून राहतात.

त्या घराचा उंबरठा मात्र रक्ताने माखला. उमेदवाराला ‘पॅडल’ नावाच्या लाकडी फळीने मांड्यांवर मारायचं, ही रीत. १९९१ मध्ये कायद्याचा एक विद्यार्थी अशा मारहाणीत गेला आणि १९९५ मध्ये कायदा झाला: दीक्षाविधीची सूचना सात दिवस आधी लेखी द्या, तीन दिवसांत आटपा, मारहाण न करण्याची हमी द्या. विधी चोरून होतच राहिले. २०१७ मध्ये कायद्याचाच आणखी एक विद्यार्थी दगावला. २०१८ च्या सुधारित कायद्याने असा छळ सरसकट गुन्हा ठरवला. ‘त्याने स्वतःच होकार दिला होता’ हा बचाव या कायद्यात चालत नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. पण रॅगिंग नवख्यावर लादलं जातं, बंधुमंडळात मुलगा स्वतः चालत येतो. म्हणूनच होकाराविषयीचं हे कलम मोलाचं आहे.

मुलं चालत का येतात, आणि मार खाल्ल्यावर त्याच मंडळाचे गोडवे का गातात? एलियट आरन्सन आणि जडसन मिल्स यांच्या १९५९ च्या प्रयोगात काही विद्यार्थिनींना चर्चागटात शिरण्यासाठी लाजिरवाणा मजकूर मोठ्याने वाचावा लागला. ऐकवलेली चर्चा मुद्दाम कंटाळवाणी ठेवली होती. तरी ज्यांनी जास्त सोसलं, त्यांनाच ती अधिक रंजक वाटली. इतकं सोसलं ते फुकट गेलं, हे मन मान्य करत नाही. मारातून बंधुत्व निपजतं, हा समज असाच टिकतो. पुढच्या वर्षी फळी त्याच मुलाच्या हाती येते.

पण मारावाचूनही समूह बांधता येतो. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांत फिलिपिनो विद्यार्थी दरवर्षी ‘पिलिपिनो कल्चरल नाइट’ उभी करतात. त्यात टिनिकलिंग हा नाच असतो: दोघं जमिनीलगत बांबू आपटतात आणि नाचणारे त्यांच्यामधून पाय उचलत जातात. ताल चुकला, तर घोट्याला लागतं. बांबू धरणाऱ्याचं कसब ते न लागू देण्यात. फिलिपिन्सची तागालोग भाषा न येणारी, अमेरिकेत जन्मलेली मुलंही महिनोन्‌महिने तालीम करून या समूहाची होतात.

तरुणांना आपली माणसं हवी असतात, ही भूक मान्य केलीच पाहिजे. नुसत्या बंदीने ती शमणार नाही. बंदीच्या जोडीला एकत्र घाम गाळण्याची कामं विद्यापीठांनी मुलांच्या हाती द्यायला हवीत. नवागताला जपण्याची जबाबदारी जो समूह आपल्या ज्येष्ठांवर टाकतो, त्यालाच बंधुत्वाची भाषा बोलण्याचा अधिकार आहे.